गाव जोडताना रिंग उघडते

ग्रामपंचायतीत इंटरनेट आले की छोटा कार्यक्रम होतो, फोटो छापून येतो आणि गावाचे नाव जोडलेल्या गावांच्या यादीत चढते. पण ते एक गाव जोडण्यासाठी शेजारच्या दहा-बारा गावांचे संरक्षण काही तास काढून घ्यावे लागते. ते कसे काढले, कधी परत दिले आणि मधल्या वेळात काय झाले असते, हे कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. येत्या काही वर्षांत त्यांच्यातून जाणारी काचेची तार पुन्हा पुन्हा उघडली जाणार आहे. माझी सगळी नोकरी या तारेच्या देखभालीत, ट्रान्समिशन शाखेत आणि बहुतेक कोकणात गेली. म्हणून हे लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. गावोगाव ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिलाच भारतनेट हे नाव मिळाले. सुरुवातीच्या टप्प्यात तालुक्याच्या ठिकाणाहून केबल निघायची आणि फांद्या फुटत गावांपर्यंत जायची. वाटेत कुठेही ती तुटली की पुढची सगळी गावे बंद. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटला मंजुरी दिली. खर्च १,३९,५७९ कोटी रुपये. त्यात तालुका आणि ग्रामपंचायती यांची रिंग करायची आणि दहा वर्षे देखभालही करायची, असे ठरले. हा निर्णय मला मनापासून पटला. सरळ रेषेतल्या केबलवर विसंबलेल्या गावांचे हाल मी पाहिलेले आहेत.

रिंग म्हणजे गावाला दोन बाजूंनी रस्ता असणे. एका बाजूला दरड कोसळली तर दुसऱ्या बाजूने फिरून जाता येते. तालुक्यातून निघालेली केबल एका गावातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या अशी जाते आणि शेवटी तालुक्यालाच परत येऊन मिळते. प्रत्येक गावातल्या यंत्राला आम्ही नोड म्हणतो. जुन्या एसडीएच यंत्रणेत एका बाजूची केबल तुटली की साधारण ५० मिलिसेकंदांत वाहतूक दुसऱ्या बाजूने वळत असे. फोनवर बोलणाऱ्याला ते कळतही नसे. आता राउटरच्या रिंग आल्या आहेत, वळवण्याची रीत बदलली आहे, पण मूळ तत्त्व तेच. रिंग एक घाव सहन करते, दुसरा करत नाही.

आणि नवा नोड घालायचा म्हणजे पहिला घाव आपणच, जाणूनबुजून घालायचा.

लोकांना वाटते, यंत्र नेऊन बसवायचे, तार खोचायची आणि दिवा हिरवा झाला की झाले. प्रत्यक्षात काय होते ते सांगते. दोन जुन्या नोडच्या मध्ये नवे गाव घ्यायचे आहे असे धरू. पहिले काम म्हणजे पूर्ण रिंगवर कुठे अलार्म आहे का ते बघणे. एखाद्या लांबच्या नोडवर, अगदी रिंगच्या पलीकडच्या टोकाला, पॉवर लेव्हल उतरलेली असेल तर त्या रात्री काम करायचे नाही. आपण इकडून उघडणार आणि तिकडचा आधीच कमकुवत झालेला जोड सुटणार, मग मधली सगळी गावे दोन्हीकडून तुटणार. आमच्या शाखेत यावरून वाद व्हायचे. गाडी आलेली असते, तंतू जोडणारा स्प्लायसर आलेला असतो, दुसऱ्या दिवशी वरून विचारणा होणार असते, आणि पंचेचाळीस किलोमीटरवरचा एक पिवळा अलार्म सगळ्यांना परत पाठवतो. परत पाठवणाऱ्या अधिकाऱ्याचे कौतुक झालेले मी फार कमी पाहिले. ते व्हायला हवे.

सगळे ठीक असेल तर ज्या टप्प्यात काम आहे त्यावरची वाहतूक हाताने दुसऱ्या बाजूला ढकलायची. जुन्या यंत्रांत त्यासाठी ‘फोर्स्ड स्विच’ची आज्ञा होती. राउटरच्या रिंगमध्ये त्या दुव्याची ‘कॉस्ट’ इतकी वाढवून ठेवतात की वाहतूक आपणहून दुसरी वाट धरते. केबल कापली की यंत्रणा वळवेलच, मग आधी हाताने कशाला, असे तरुण मुले विचारतात. उत्तर सोपे आहे. आधी वळवले आणि काही अडले तर एका आज्ञेने परत येता येते. कापल्यावर अडले तर परतीचा मार्ग नसतो, खड्ड्यात बसून पुन्हा काच जोडेपर्यंत थांबावे लागते.

मग खड्डा. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी चोवीस तंतूंची केबल होती, चार ट्यूब, प्रत्येकीत सहा तंतू. निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखी, पांढरा हा क्रम ट्रान्समिशनमधल्या माणसाला पाठ असतो. यातले आपल्या रिंगचे तंतू दोन किंवा चार. बाकीच्यांवर दुसऱ्याच कोणाच्या तरी लाइन चालू असतात: टॉवर, बँका, तहसील, कधी शेजारच्या जिल्ह्याची वाहतूक. केबल पूर्ण कापायची नाही. वरचे आवरण सोलून, हवी ती ट्यूब उघडून, हवा तोच तंतू कापायचा आणि त्याची दोन टोके नव्या गावाकडे न्यायची. एक जाणारे, एक येणारे. लिलो म्हणतात त्याला आमच्या कामात. पावसात ताडपत्रीखाली, टॉर्चच्या उजेडात, राखी आणि पांढरा यांत फरक करायला नजर लागते. चिमटीत धरून तंतू किंचित वाकवला की आत प्रकाश वाहतो आहे का ते सांगणारे छोटे यंत्र मिळते. ते वापरल्याशिवाय कात्री लावायची नाही, असा आमच्या एका ज्येष्ठ स्प्लायसरचा दंडक होता. सगळे त्यांना मामा म्हणत. साहेब कितीही मोठा असो, मामा म्हणायचे, “थांबा जरा, याला विचारू दे,” आणि चिमटा लावायचे. १२५ मायक्रॉन जाडीची काच, माणसाच्या केसाएवढी. तिची दोन टोके समोरासमोर आणून वितळवून जोडायची आणि त्या जोडात प्रकाश जवळजवळ हरवता कामा नये. हे कौशल्य असलेल्या माणसांना आपण रोजंदारीवर ठेवतो.

जोड झाला तरी काम निम्मेच झाले. प्रकाश कमी पडला तर अडचण होते हे सगळ्यांना कळते, जास्त झाला तरी होते हे फार जणांना ठाऊक नसते. समजा, दोन जुन्या नोडमध्ये ४० किलोमीटर अंतर होते आणि त्या अंतराला पुरेल असा जोरदार लेझर बसवलेला होता. आता नवे गाव पहिल्या नोडपासून सहा किलोमीटरवर आले. तंतूत दर किलोमीटरला साधारण पाव डेसिबल प्रकाश घटतो. सहा किलोमीटरला दीड, जोड आणि कनेक्टर धरून तीनच्या आसपास. लांब पल्ल्याच्या लेझरचा एवढा प्रकाश समोरच्या रिसीव्हरला सोसत नाही. तो चुका मोजू लागतो, कधी कायमचा निकामी होतो. तिथे प्रकाश दहा डेसिबलने घटवणारा अटेन्यूएटर लावावा लागतो, नाहीतर कमी पल्ल्याचे लेझर कार्ड. रुपयांत मोजले तर अटेन्यूएटर फार किरकोळ वस्तू आहे. पण तो गाडीत नसला तर दोन तासांचे काम दुसऱ्या दिवसावर जाते, आणि तोवर रिंग उघडीच.

त्यानंतर नव्या नोडला सांगावे लागते की तुझ्यातून कोणकोणाची वाहतूक नुसती पुढे जाणार आहे. रिंगमधल्या इतरांनाही सांगावे लागते की आता अमक्यानंतर तमका नाही, मध्ये एक नवा आला आहे. काही जुन्या रिंगमध्ये प्रत्येक नोडजवळ क्रमाचा नकाशा असे आणि त्यात सोळाच नोड बसत, कारण ओळखक्रमांकाला चारच बिट दिलेले होते. नकाशा बदलायचा राहिला तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. काही महिन्यांनी केबल तुटते, यंत्रणा वाहतूक वळवते आणि एकाची लाइन भलत्याच ठिकाणी निघू शकते. घड्याळाचेही तसेच. एसडीएचमध्ये प्रत्येक नोड शेजाऱ्याकडून वेळ घेतो. नवा नोड घालताना दोघे एकमेकांकडूनच वेळ घेऊ लागले तर सुरुवातीला सगळे दिवे हिरवे दिसतात, आणि तासा-दोन तासांनी चुका हळूहळू वाढू लागतात. तोपर्यंत गाडी घरी पोहोचलेली असते. म्हणून जोडल्यावर काही काळ बसून चुकांचा आकडा शून्य राहतो ना, हे बघायचे आणि मगच वाहतूक मूळ वाटेवर आणायची. जुन्या नोडवर ऑर्डर वायरचा फोन असे. त्याच तंतूतून, त्याच रिंगवर आपसात बोलता येई. “चिपळूण, तुमच्याकडे काही रेड?” “नाही मॅडम, क्लीन आहे.” हे ऐकल्याशिवाय आम्ही खड्डा बुजवायला सांगत नसू.

एवढे सविस्तर सांगितले, कारण हे सगळे करायला वेळ लागतो आणि घाई झाली की यातलेच काहीतरी गळते. ठेकेदाराचे बिल जोडलेल्या गावांच्या संख्येवर निघत असेल, तर त्याचा जीव नव्या गावाच्या हिरव्या दिव्यात अडकणार. जुन्या गावांचे संरक्षण परत आले की नाही, हे त्याच्या बिलात कुठेच नाही. दोष मी एकट्या ठेकेदाराला देत नाही. जे मोजायला सांगितले तेच तो मोजतो. मोजायला सांगणाऱ्यांनी आकडा बदलला पाहिजे. नवा नोड घालून रिंग पुन्हा बंद झाली, एकदा मुद्दाम एका बाजूने आणि एकदा दुसऱ्या बाजूने तोडून बघितली आणि दोन्ही वेळा सगळी गावे चालू राहिली, तरच ते काम पूर्ण धरावे.

आता नोड काढण्याविषयी, कारण त्याकडे तर कोणाचेच लक्ष नाही.

ग्रामपंचायतीची इमारत पाडून नवी होते. कार्यालय शाळेच्या खोलीत जाते. तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या आणि त्यांची कार्यालये हलली. अशा वेळी भिंतीवरचे यंत्र कोण काढणार? कोणीतरी प्लग उपटतो, यंत्र कपाटात ठेवतो आणि तंतूची टोके भिंतीवर लोंबत राहतात. त्या क्षणी त्या रिंगचा एक घाव खर्च झालेला असतो. वाहतूक दुसऱ्या बाजूने वळते, सगळी गावे चालू दिसतात, तक्रार येत नाही. पुढच्या पावसात दुसरीकडे केबल तुटली की मात्र अर्धा तालुका जातो आणि सगळे त्या नव्या तुटीलाच दोष देतात.

नीट काढायचे तर आधी त्या गावाची स्वतःची वाहतूक हलवायची, मग टप्पा रिकामा करायचा, मग दोन टोके पॅचकॉर्डने थेट एकमेकांना जोडायची. इथेही प्रकाशाचा हिशेब आडवा येतो, फक्त उलट्या दिशेने. एका बाजूला ३५ किलोमीटर, दुसऱ्या बाजूला ३८, मधला नोड काढला की ७३ किलोमीटरचा एकच टप्पा. जोड आणि कनेक्टर धरून बावीस-तेवीस डेसिबलची घट. गावागावांतल्या छोट्या अंतरासाठी घेतलेली कार्डे इथे हात टेकतात. गावांच्या रिंगमध्ये अंतरे लहान असतात, त्यामुळे बहुतेकदा नुसत्या पॅचकॉर्डने भागते. पण भागेल की नाही हे आधी मोजलेले हवे, आणि पॅचकॉर्ड कोणी, किती दिवसांत लावायची हे करारात लिहिलेले हवे.

वीज गेलेला नोड हाही काढून टाकलेल्या नोडसारखाच असतो. ग्रामपंचायतीचे बिल थकले, बॅटरी मेली, सौर पॅनेलवर झाड आले, की रिंग त्या जागी उघडली. यावर एक हिशेब मांडून बघा. प्रत्येक गावातला नोड शंभरपैकी पंच्याण्णव वेळा चालू असतो असे समजा. रिंगमध्ये दहा गावे असतील तर कोणत्याही क्षणी दोन किंवा अधिक नोड एकदम बंद असण्याची शक्यता साडेआठ टक्क्यांच्या आसपास येते. गावे वीस केली की ती सव्वीस टक्क्यांवर जाते. गावे दुप्पट, धोका तिप्पट. आणि दोन बंद नोड शेजारी-शेजारी नसतील तर त्यांच्या मधली, स्वतः ठणठणीत असलेली गावेही तुटतात. हा हिशेब प्रत्येक गावाची वीज स्वतंत्रपणे जाते असे धरून केला आहे. आषाढात कोकणातला विजेचा एक फीडर बसला की पाच-सहा गावे एकदमच जातात, त्यामुळे खरी स्थिती याहून वाईट. म्हणून रिंगमध्ये किती गावे ओवायची याला मर्यादा हवी. खर्च वाचवायला एकाच रिंगमध्ये गावे घालत जाणे चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐंशीच्या दशकात एफडीडीआय नावाची १०० मेगाबिटची रिंग आली होती. तिच्यात वीज गेली की प्रकाश यंत्राला वगळून थेट पुढे जाईल असा ऑप्टिकल बायपास स्विच लावायची सोय होती. गावाच्या रिंगमध्ये, जिथे अंतरे लहान आहेत, तिथे असा बायपास बसवता येतो का, याचा विचार आजच्या अभियंत्यांनी जरूर करावा.

राहिला मातीचा प्रश्न. कागदावर गोल दिसणारी रिंग जमिनीत गोल असतेच असे नाही. येणारी आणि जाणारी केबल एकाच चरात, कधी एकाच पाइपात घातलेली मी पाहिली आहे. जेसीबीचा एक दात दोन्ही तोडतो. कोकणात जागा चिंचोळी, डोंगर आणि खाडी यांच्या मधून एक महामार्ग, त्याच महामार्गावरचे पूल. नदी ओलांडताना केबल पुलाला बांधलेल्या पाइपातून जाते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. अशा मुलखात रिंगच्या दोन्ही बाजू एकाच पुलावरून नेणे म्हणजे रिंग न करणेच. दुसरी बाजू घाटावरून न्यावी, रेल्वेमार्गाच्या कडेच्या किंवा विजेच्या मनोऱ्यांवरच्या फायबरमधून तंतू भाड्याने घ्यावेत. पैसे जास्त लागतील, ते लागू द्यावेत.

चर खोदणाऱ्यांसाठी केंद्राने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आणले. खोदण्याआधी जागा नोंदवली की खाली कोणाची केबल, कोणाची पाइपलाइन आहे त्यांना सूचना जाते. नळपाणी योजनेचे चर, रस्त्याचे रुंदीकरण, गटारे, सगळीकडे जेसीबी फिरतो आहे. ग्रामपंचायतीने काम देताना या नोंदीची पावती मागितली तरी निम्मे कट टळतील, असा माझा अंदाज आहे.

सरपंच, ग्रामसेवक आणि ग्रामसभेला येणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत हे प्रश्न विचारा. आपल्या गावात केबल दोन बाजूंनी येते का, आणि त्या दोन बाजू वेगवेगळ्या रस्त्यांनी येतात का? आपल्या रिंगमध्ये किती गावे आहेत? शेजारचे गाव जोडण्यासाठी रिंग उघडणार असतील तर आपल्याला आधी कळवणार का, कोणत्या रात्री, किती तास? भर पावसाळ्यात उघडणार नाहीत ना? कार्यालय हलवायचे झाले तर यंत्राला हात लावण्याआधी कोणाला फोन करायचा? उत्तरे तोंडी घेऊ नका. लेखी घ्या आणि फोन नंबर यंत्राच्या कपाटावर चिकटवा.